पायांखाली आलेला पडदा

या मित्रांनो, जवळ या. मागचे पुढे सरका, पुढचे मांडी घाला. कीर्तनात बुवा आधी नमन करतात, मग पूर्वरंग सांगतात, आणि ऐकणारा नीट स्थिरावला की आख्यानाला हात घालतात. मी काही बुवा नाही. पण अकरा वर्षं बुवांच्या पाठीमागे टांगलेला होतो, तेव्हा ती रीत थोडी अंगात भिनली आहे. आज तुम्हाला एका चित्राचं आख्यान सांगतो. ते चित्र आता नाही. ते कसं गेलं, आणि ज्यानं काढलं त्यानंच ते कसं जाऊ दिलं, एवढीच गोष्ट आहे.

मी एक जुना पडदा आहे. चोवीस फूट रुंद, पंधरा फूट उंच. जाड मांजरपाटाच्या पट्ट्या जोडून मला शिवलं ते चिंचवडच्या रहिमानभाईंनी. ट्रकवर टाकायच्या ताडपत्र्या शिवणं हा त्यांचा धंदा. माझ्या शिवणी त्यांनी ताडपत्रीच्याच दोऱ्यानं, दुहेरी घातल्या. उद्धवराव पेंटर म्हणाले, "रहिमानभाई, देवाचा पडदा आहे, ट्रक झाकायचा नाही." रहिमानभाई मशीनवरून मान न उचलता म्हणाले, "मग तर दुहेरीच पाहिजे. ट्रकवाला वर्षानं परत येतो. देव तक्रार घेऊन आला तर मी कुठं तोंड लपवू?"

माझा जन्म झाला त्याला एकवीस वर्षं झाली. चाकणच्या वाटेवरच्या कुरुळी गावात हरिनाम सप्ताह बसायचा. सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन असतं. त्यात कृष्णाच्या लहानपणच्या गोष्टी सांगतात, मग हंडी फुटते आणि सगळ्यांच्या हातावर दही-लाह्यांचा काला पडतो. त्या कीर्तनामागे लावायला गावानं माझ्यावर चित्र काढून घेतलं. यमुनेचा डोह, डोहात कालिया नाग, आणि त्याच्या फण्यावर नाचणारा बाळकृष्ण.

उद्धवराव मूळचे लातूरकडचे. इकडे आले ते कंपन्यांच्या भिंती आणि गेटं रंगवायला. 'आधी सुरक्षा, मग काम' ही अक्षरं त्यांनी इतक्या वेळा काढली होती की झोपेतही चुकली नसती. पण तरुणपणी ते नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या एका म्हाताऱ्या चित्रकाराच्या हाताखाली शिकले होते, आणि जीव होता तो तिथेच.

मित्रांनो, एवढा मोठा पडदा उभा करून रंगवता येत नाही. तो जमिनीवर आडवा पसरतात. चित्रकार त्याच्यावर अनवाणी चालतो आणि बांबूला बांधलेल्या कुंचल्यानं, उभ्यानंच, झाडल्यासारखं चित्र काढतो. देवळाच्या सभामंडपात उद्धवराव अकरा दिवस माझ्या अंगावर चालत होते. रंग म्हणजे कोरडी भुकटी, गरम सरसात, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या चिकट खळीत, कालवलेली. गेरूचा तांबडा, पेवडीचा पिवळा, निळीचा निळा. हा रंग वाळला की वर्षानुवर्षं टिकतो, पण पाणी लागलं की पुन्हा ओला होऊन सुटतो. तेलाच्या रंगाचं तसं नसतं.

डोळे मात्र आडव्या पडद्यावर काढायचे नाहीत, ही उद्धवरावांच्या गुरूंची रीत. बाकी सगळं चित्र झालं की पडदा टांगायचा, नारळ फोडायचा आणि मग शिडीवर चढून देवाचे डोळे काढायचे. डोळे उघडेपर्यंत ते कापड. उघडले की देव, आणि त्यानंतर त्याच्यावर पाय नाही. माझ्यापुढचा नारळ सप्ताह कमिटीच्या भैरूआबांनी फोडला होता. उद्धवराव शिडीवरून खाली उतरले आणि ज्याच्या अंगावर अकरा दिवस चालले होते, त्याच्याच पाया पडले.

माझं कौतुक फार झालं. बायका माझ्यापुढे हळदकुंकू वाहायच्या. कंपन्यांमधली माणसं शिफ्ट सुटली की जेवणाचे डबे हातात तसेच घेऊन यायची आणि माझ्याकडे बघत उभी राहायची. पहिल्याच वर्षी काल्याच्या कीर्तनात बुवा रंगात आले. कमरेला उपरणं बांधून, झांजांच्या ठेक्यावर ते स्वतःच नाचायला लागले. नाचता नाचता थांबले, माझ्याकडे वळले आणि पहिल्या रांगेत बसलेल्या उद्धवरावांना म्हणाले, "पेंटर, डोळे मोठे गोड काढलेत. पण हा नाचतोय, का फोटोला उभा राहिलाय?"

मंडप हसला. उद्धवरावही हसले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते शिडी घेऊन आले आणि कृष्णाचा डावा पाय पुन्हा रंगवला. पुढच्या वर्षी सप्ताहाआधी आले, पुन्हा तोच पाय. गुडघा थोडा वाकवला, टाच थोडी उचलली. अकरा वर्षांत अकरा वेळा. त्या एका पायावर रंगाचा थर भाकरीएवढा जाड झाला, पण पाय फण्यावर टेकलेला वाटला नाही. मला तसा काही फरक पडत नव्हता. ज्याचं चित्र आहे त्याला चैन नव्हतं, एवढंच मी पाहिलं.

मग फ्लेक्स आले. एका दिवसात छापून मिळतात, चकाकतात, ओले झाले तरी बिघडत नाहीत. त्यानंतर दिव्यांची मोठी भिंत आली, तिच्यात यमुना खरोखरच वाहायची. मला उतरवून देवळाच्या माळ्यावर टाकलं. पाच वर्षं तिथं होतो. माळा रिकामा करायची वेळ आली तेव्हा भैरूआबा म्हणाले, "देवाचं चित्तर हाय, आसंतसं टाकता येत न्हाई. इंद्रायणीत सोडू."

उद्धवरावांना हे कळलं तेव्हा ते धावत आले. "आबा, नदीला कशाला देता? मला द्या."

"ठिवणार कुठं? दहा बाय दहाची खोली तुजी."

"ठेवतो. तुम्ही द्या तर."

रहिमानभाईंनी टेम्पो आणला. मला मधोमध दुमडून गुंडाळलं, साडेसात फुटांची वळकटी केली, वर प्लॅस्टिक बांधलं आणि कुरुळीतल्याच चाळीतल्या त्या खोलीत भिंतीकडेला ठेवलं. खोलीत दोनच माणसं, उद्धवराव आणि त्यांची मुलगी तेजस्विनी. तिची आई ती शाळेत असतानाच गेली होती. मी तिथं बाकडं झालो. पाहुणे माझ्यावर बसत, चहा पीत. दसऱ्याला उद्धवराव दोन हात माझी वळकटी उलगडत, तेवढ्यात मावणारा यमुनेचा काठ बघत आणि पुन्हा गुंडाळून ठेवत. त्याहून जास्त उलगडायला खोलीत जागाच नव्हती.

त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला होता. डॉक्टरांनी सांगितलं की गेलेली नजर परत येत नाही, आहे ती किती दिवस राहील तेही सांगता येत नाही. रंगकाम तर केव्हाच बंद झालं होतं. भिंतींवरची, गेटांवरची त्यांची अक्षरं पुसून वर छापील पाट्या लागल्या होत्या. त्यांच्या हातचं काही उरलं असेल तर तो मी होतो. ते तेजस्विनीला म्हणायचे, "एकदा हा पुरता टांगायचा बघ. नजर आहे तवर डोळेभरून बघतो. मग काय व्हायचं ते होऊ दे."

तेजस्विनी चाकणच्या एका कारखान्यात कामाला होती. गाड्यांमध्ये वायरींची जुडी बसते ना, ती बांधण्याचं काम. समोर सरकत जाणारा फळा, फळ्यावर खुंट्या. प्रत्येक वायर ठरलेल्या खुंटीला वळसा घालून न्यायची, चिकटपट्टी मारायची, की पुढचा फळा. हात सतत फिरते, पाय एकाच फरशीवर. शिफ्ट सुटली की आठवड्यातून तीन दिवस ती पिंपळे गुरवला निशिगंधा मॅडमच्या नाचाच्या वर्गाला जायची. पिठाच्या गिरणीवर एक हॉल होता, तिथं वर्ग भरायचा. हा नाच लग्नातल्या वरातीचा नव्हता आणि सिनेमातलाही नव्हता. त्याला आधुनिक नृत्य म्हणतात.

एकदा ती माझ्यावर बसून वडलांना सांगत होती, "अण्णा, मॅडम म्हणाल्या, तुझे हात रोज आठ तास नाचतातच. पाय तेवढे बांधलेत. ते सोड."

"पाय सोडलेस तर सुपरवायझर तुला सोडील का?"

"ऐका तर! शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तिकडं परदेशात नाचायचे बूट ठरलेले होते, पावलं ठरलेली. काही बायकांनी ते बूट काढले आणि अनवाणी नाचल्या. लोकांनी नावं ठेवली. त्याच सुमाराला चित्रकारांनीही हुबेहूब काढणं सोडलं. मोठेमोठे चित्रकार नाचांचे पडदे रंगवायला लागले."

"पडदे? मोठे चित्रकार?" उद्धवराव सावरून बसले.

"हो की! म्हणजे नाचणारा पुढं आणि चित्र मागं. मग एकानं काय केलं, कापड भिंतीवरून काढलं, खाली जमिनीवर पसरलं आणि त्याच्याभोवती फिरत फिरत रंग टाकला. जपानात एकानं तर दोरीला लोंबकळून पायानं चित्रं काढली. लोक म्हणाले, हा चित्र काढतोय का नाचतोय? पुढं तर असे निघाले की त्यांनी कापडच घेतलं नाही. लोकांपुढं स्वतः उभे राहिले आणि म्हणाले, मी आता जे करणार तेच चित्र."

उद्धवराव बराच वेळ हसत होते. "जमिनीवर पसरून, चालत चालत! अगं, मग आम्ही काय वेगळं करत होतो? आम्हाला कुणी सांगितलं नाही, नाहीतर आम्हीपण बूट काढले असते. घातलेच नव्हते, ही गोष्ट वेगळी."

निशिगंधा मॅडमनी तेजस्विनीला एकटीचा नाच बसवायला सांगितला होता. चिंचवडच्या नाट्यगृहात नाच आणि चित्र यांचा मिळून एक कार्यक्रम होता, त्यात अर्ध्या तासाची जागा तिची. कारखान्यातल्या हातांपासून नाच सुरू होणार आणि मग सुटे झालेले पाय रंगात बुडून जमिनीवर चित्र काढणार. तिच्यासारख्या मुलीला अशी जागा पुन्हा मिळणार नव्हती, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं त्यासाठी दोन महिने आधीच सुट्टी मागून ठेवली होती. अडचण एकच. खाली अंथरलेल्या फ्लेक्सवर ओला पाय घसरायचा, आणि रंग थेंब थेंब होऊन सरकायचा. असल्या नाचाला जाड सुती कापड लागतं, पायाला धरणारं आणि रंग पिणारं. एवढं मोठं आता कोण शिवतो? रहिमानभाईंकडेही आता प्लॅस्टिकच्याच ताडपत्र्या होत्या.

"अण्णा," ती एक दिवस म्हणाली, "आपला पडदा पसरू का खाली? उलट्या बाजूनं. चित्राला धक्का नाही लागायचा."

"नाही."

"मागच्या बाजूला काहीच नाही ना पण."

"मागची बाजू म्हणजे देवाची पाठच की. देवाच्या पाठीवर नाचशील?"

तिनं ताट वाढलं, दोघं जेवली.

आता मित्रांनो, चूक कशी होते ते सांगतो. उद्धवराव सप्ताहासाठी सात दिवस लातूरकडे गावी गेले. तेजस्विनीनं विचार केला, एकदाच तर पसरायचा आहे. रविवारी तिनं आणि वर्गातल्या मुलींनी मला पिंपळे गुरवला नेलं, चित्र खाली आणि कोरी पाठ वर असं हॉलभर अंथरलं, आणि पाण्यात कालवलेल्या गेरूत पाय बुडवून ती दिवसभर माझ्यावर नाचली. पाय घसरला नाही. रंग धरला. मी इतकी वर्षं नाच पाठीमागून ऐकला होता, त्या दिवशी तो अंगावर आला. संध्याकाळी मुलींनी मला गुंडाळून घरी परत आणून ठेवलं.

ती पेंटरची मुलगी. तिनं लहानपणापासून पाहिल्या त्या वडलांनी तेलाच्या रंगात रंगवलेल्या पाट्या. धो धो पावसातही त्यांचं अक्षर हलत नसे. सरसाचा रंग ओला झाल्यावर काय होतं ते तिनं कधी पाहिलंच नव्हतं. पाणी माझ्या पाठीतून पोटात उतरलं. गेरू घेऊनच उतरलं. नीळ सुटली, पेवडी सुटली.

उद्धवराव गावाहून आले. पिशवी ठेवली आणि म्हणाले, "ओल्याचा वास कसला येतोय?" ते वाकले, माझं प्लॅस्टिक सोडलं. प्लॅस्टिकला निळा रंग चिकटून आला होता. यमुनेचा काठ पुसट झाला होता आणि काठावर, आतून वर आलेलं, तांबडं पाऊल उमटलं होतं.

"अण्णा, मी नेला होता," तेजस्विनी लगेच म्हणाली. तिनं काहीही लपवलं नाही. "उलटा पसरला होता. मला वाटलं..."

ते उठले आणि हाताला लागलेला निळा रंग धुतला. रात्री जेवले. सकाळी चहा घेतला. तीन दिवस घरात कुणी बोललं नाही. चौथ्या दिवशी सकाळी रात्रपाळीवरून आल्यावर दारात उभी राहून तिनं फोन लावला. "मॅडम, मी नाही करत. माझ्या जागी दुसरं कुणी घ्या... नाही मॅडम, बरी आहे मी. फक्त नाही करत." उद्धवराव आत माझ्यावरच बसले होते. त्यांनी ते ऐकलं.

एवढ्यात रहिमानभाई टेम्पो घेऊन आले. त्यांना कुठून कळलं होतं कोण जाणे. आल्या आल्या म्हणाले, "पेंटर, गुस्सा बादमें. आधी पडदा वाळव. बुरशी धरली तर ना तुझा राहील, ना पोरीचा. उठ, त्याच्यावरच बसलायस की राव!"

चिंचवडला रहिमानभाईंच्या दुकानामागे ताडपत्र्या पसरायचं मोठं आवार होतं. ऊन खणखणीत होतं. रहिमानभाईंनी आणि तेजस्विनीनं मला पुरतं उलगडलं, चित्र वर करून. दहा वर्षांनी माझं सगळं चित्र उजेडात आलं. टेम्पो जाताना पाहून भैरूआबाही स्कूटरवरून येऊन पोचले. बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"आरं आरं! देवाच्या अंगावर पोरीचं पाय! म्या म्हनलं व्हतं, नदीत सोडू. आयकलं न्हाईस."

उद्धवरावांना उभ्यानं नीट दिसत नव्हतं. ते गुडघ्यांवर बसले आणि रांगत रांगत, नाक टेकेल इतक्या जवळून, माझ्याकडे बघत निघाले. काठापासून डोहापर्यंत, डोहातून नागाच्या वेटोळ्यापर्यंत. रंग ओघळला होता, एकमेकांत गेला होता. ते फण्यापाशी पोचले. तिथं त्यांनी अकरा वेळा रंगवलेला पाय होता, थोडा तडकलेला. आणि त्याच्या शेजारी, फण्याच्या बरोबर मधोमध, तेजस्विनीचं पाऊल उमटलं होतं. पाचही बोटं फाकलेली. टाचेखालचा रंग दाबून पातळ झाला होता, कडेनं गोळा होऊन वर आला होता. फणा तिथं दबला होता.

ते तिथंच थांबले. बोटानं ती टाच चाचपली. मग आपला रंगवलेला पाय चाचपला. पुन्हा टाच.

"तेजा, इकडं ये. इथं काय करत होतीस?"

"कुठं?"

"इथं. ह्या पायावर."

ती जवळ आली. "गिरकी घेऊन खाली येते ना अण्णा, तेव्हा सगळं वजन डाव्या टाचेवर घेते. मॅडम म्हणतात, पडायचं आणि पडता पडता उभं राहायचं."

"दाखव."

"इथं?"

"माझ्या डोक्यावर दाखवतेस का? तिथं बाजूला फरशीवर दाखव."

तिनं फरशीवर दाखवलं. एकदा, मग ते म्हणाले म्हणून पुन्हा एकदा. त्यांना अंधूक हालचाल दिसत असेल फार तर. ते मान खाली घालून ऐकत होते. पाय जमिनीवर येतानाचा आवाज ऐकत होते, झांज ऐकावी तसा.

"मला उगाच वाटत होतं पाय उचललेला दाखवला की नाच दिसतो," ते सावकाश म्हणाले. "पाय टेकलेला दाखवायला पाहिजे होता. वजन दाखवायला पाहिजे होतं. अकरा वर्षं चुकीच्या बाजूनं रंगवत होतो." मग म्हणाले, "फोन लाव तुझ्या मॅडमला. सांग, करते म्हणून."

तेजस्विनी रडली नाही. तिनं फक्त विचारलं, "कशावर करू?"

"ह्याच्यावर. सुलट्या बाजूनं."

भैरूआबा पुढं आले. "पेंटर, डोस्कं ठिकाणावर हाय का? देव हाय त्यो!"

"आबा, मी हा देव काढत होतो तेव्हा अकरा दिवस ह्याच्यावर चालत होतो. तुम्ही चहा आणायचात तो मी ह्याच्या छातीवर उभं राहून प्यायचो. तेव्हा नाही बोललात."

"तवा डोळं उगडलं नव्हतं त्याचं."

"बरोबर," उद्धवराव म्हणाले. "मग मिटू."

रहिमानभाई हळूच म्हणाले, "आबा, तुम्ही गणपतीला नाही का, घरी बसवता, मग जा म्हणता? त्याला राग येतो का?"

भैरूआबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. ते श्रद्धेचे पक्के होते, पण हेकेखोर नव्हते. "आसं मधीच न्हाई जमायचं," ते म्हणाले. "रीतीनं करावं लागंल. अक्षता पायजेत. दही पायजे. देवाला सांगावं लागंल की बाबा, तुजं हितलं काम झालं. रहिमान, दही मिळंल का तुज्याकडं?"

"घरी बेगमला फोन करतो. विरजण तिच्या हातचं चांगलं लागतं."

दही आलं. मला आवाराच्या भिंतीवर पुरतं टांगलं. उद्धवराव माझ्यापुढे उभे राहिले आणि जेवढी नजर उरली होती तेवढ्यानं, डावीकडून उजवीकडे, सावकाश बघून घेतलं. त्यांना पाहिजे होतं ते हेच. ओघळलेलं, डागाळलेलं का होईना, सगळं एकदम. कुणी घाई केली नाही. भैरूआबांनी अक्षता वाहिल्या, दही लावलं, हात जोडून पुटपुटले, "चुकलंमाकलं पोटात घाल. सप्त्याला हायेच तुजं येनं." मग उद्धवराव शिडीवर चढले. तेजस्विनी हात धरायला गेली, त्यांनी मानेनं नको म्हटलं. डोळे कुठं आहेत ते त्यांनी बोटांनी शोधलं. ओला कुंचला दोनदा फिरवला. मी पुन्हा कापड झालो.

कार्यक्रमाच्या दिवशी चिंचवडच्या नाट्यगृहात संध्याकाळी मला आधी मागं टांगलं, पूर्वीसारखं. पहिल्या रांगेत उद्धवराव, शेजारी भैरूआबा, पलीकडे रहिमानभाई आणि बेगम. तेजस्विनी कारखान्याच्या निळ्या डगल्यात आली. दहा मिनिटं फक्त हात. न दिसणाऱ्या खुंट्या, न दिसणाऱ्या वायरी. मागच्या रांगेत तिच्या कारखान्यातल्या मुली होत्या. त्यांना प्रत्येक वळसा ओळखू येत होता, त्या कुजबुजत होत्या, "पट्टी मार, पट्टी मार!" मग मला सोडवून हळूहळू खाली आणलं. तिनं मला सगळ्यांसमोर जमिनीवर पसरलं. डगला काढला. पाय पाण्यात बुडवले. रंग घेतलाच नाही. रंग माझ्यातच होता.

भैरूआबा उद्धवरावांच्या कानाशी बोलत होते. "नदी हालाय लागली... आता निळं पिवळ्यात गेलं, हिरवं झालं... नागाचं वेटोळं सुटलं बग..." आणि थोड्या वेळानं, "पेंटर, आता वळकू येत न्हाई काय कुठं व्हतं."

"चालू द्या," उद्धवराव म्हणाले.

शेवटी तिनं मला पुन्हा वर ओढायला लावलं. मी मागं टांगलेला आणि खाली पाणी ठिबकत होतं. लोक उभे राहिले होते, टाळ्या चालल्या होत्या. तेजस्विनी रंगमंचावरून उतरली, ओल्या पायांनी वडलांजवळ गेली आणि त्यांना हाताला धरून माझ्यासमोर घेऊन आली. त्यांना आता एक रंगीत ढग दिसत असेल, किंवा तेही नाही.

"सांग," ते म्हणाले.

"अण्णा, इथं यमुनेचा काठ होता..."

"होतं ते मला ठाऊक आहे, मीच काढलंय. आहे ते सांग."

ती सांगत राहिली. डावीकडे खालून वर जाणारी हिरवी लाट. मधे तांबडा, जिथं ती सगळ्यात जास्त वेळ फिरली. वरच्या कोपऱ्यात एकच पाऊल, सुटं, कुठं चाललंय कळत नाही असं. ते हूं हूं करत होते. मधेच विचारत होते, "तांबडा गडद का फिका?" नाट्यगृह रिकामं होत गेलं. दोघं तिथंच उभी होती.

मित्रांनो, आता मी पिंपळे गुरवच्या त्या हॉलच्या भिंतीवर असतो. खालच्या गिरणीचं पीठ उडून माझ्यावर बसतं, मुली ते कोरड्या फडक्यानं झटकतात. ओल्या फडक्यानं नाही, एवढं शिकल्या आहेत. घरात कुणाच्या हातची जुनी वस्तू असेल तर जपा. पण गुंडाळून, प्लॅस्टिकात बांधून ठेवलं म्हणजे जपलं असं समजू नका. कुणाला तिची खरोखर गरज पडली तर जीव दुखला तरी द्या. ओल, वाळवी आणि उंदीर यांच्यापेक्षा ते बरं.

आणि एक मागणं आहे. उद्धवरावांना आता काहीच दिसत नाही. कुरुळीच्या सप्ताहाला मात्र ते रोज जातात, दिव्यांच्या भिंतीकडे पाठ करून बसतात आणि बुवांचे पाय ऐकतात. तुम्ही कधी कीर्तनाला गेलात, झांजा वाजायला लागल्या आणि बुवांनी कमरेला उपरणं बांधलं, तर क्षणभर डोळे मिटा आणि त्या म्हाताऱ्या पेंटरची आठवण काढा.